ठेवींचा विमा : निधी पुरेसा आहे काय?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त वाशीम येथे आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे लेखी रूप)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी विद्वान वक्त्यांनी धर्म, शिक्षण आणि समाजसंघटन या विषयांवर आपले विचार मांडले. त्यांच्या पंक्तीला बसण्याची माझी पात्रता नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असलो तरी माझे उभे आयुष्य कापडाचे तागे मोजण्यात गेले आहे. तरीही आयोजकांनी आग्रह केला तेव्हा मी एक विषय मागून घेतला, आणि तो म्हणजे बँकेतील ठेवींचे संरक्षण. आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना दात्यांनी मोठ्या मनाने सुवर्णमहोत्सवी निधी दिला आहे. हा निधी कोठे ठेवावा, हा प्रश्न विश्वस्त मंडळापुढे आहे. बँकेत ठेवला म्हणजे सुरक्षित झाला, असे आपण सहज म्हणतो. ते कितपत खरे आहे, एवढेच मला आज आपणांसमोर मांडावयाचे आहे.

प्रारंभी थोडा इतिहास सांगतो, कारण या इतिहासाचा आपल्या भागाशी निकटचा संबंध आहे. माझा जन्म १९६० सालचा. त्या काळी वाशीम हा अकोला जिल्ह्याचा भाग होता. आपला स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. १९६० याच वर्षी देशातील दोन बँका पाठोपाठ बुडाल्या. एक होती केरळमधील पलाई सेंट्रल बँक आणि दुसरी होती आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक. माझ्या लहानपणी दुकानाच्या गादीवर येऊन बसणारी वृद्ध मंडळी पैशाचा विषय निघाला की अकोल्याची आठवण काढीत आणि थोडा वेळ गप्प होत. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

बँका बुडण्याचा अनुभव देशाला नवीन नव्हता. १९४८ मध्ये बंगालमध्ये बँकांवर संकट आले तेव्हापासून ठेवींच्या विम्याचा विचार सुरू होता. १९५४ मध्ये श्रॉफ समितीनेही तशी शिफारस केली होती. परंतु अकोला आणि पलाई येथील घटनांनंतर सरकारला विलंब करणे शक्य राहिले नाही. १९६१ मध्ये संसदेने ठेव विमा महामंडळाचा कायदा संमत केला आणि १ जानेवारी १९६२ पासून तो अंमलात आला. अमेरिकेत १९३० च्या मंदीत हजारो बँका बुडाल्यावर १९३३ मध्ये अशी व्यवस्था निर्माण झाली होती. स्वातंत्र्य मिळून पंधरा वर्षे होण्याच्या आत आपल्या देशाने ती स्वीकारली, ही गोष्ट निश्चितच अभिमानास्पद आहे. पुढे १९७८ मध्ये या महामंडळाचे पतहमी महामंडळाशी एकत्रीकरण झाले आणि आजचे ठेव विमा आणि पतहमी महामंडळ उभे राहिले. ते संपूर्णपणे रिझर्व्ह बँकेच्या मालकीचे आहे.

प्रारंभी विम्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे केवळ १,५०० रुपये होती. १९६८ मध्ये ती ५,००० रुपये झाली, १९७० मध्ये १०,००० रुपये, १९७६ मध्ये २०,००० रुपये आणि १९८० मध्ये ३०,००० रुपये. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात आपल्या महाराष्ट्रातील बँक ऑफ कराड बुडाली आणि त्यानंतर १ मे १९९३ पासून ही मर्यादा एक लाख रुपये करण्यात आली. त्यानंतर मात्र जवळजवळ सत्तावीस वर्षे तीत एका पैशाचीही वाढ झाली नाही. या सत्तावीस वर्षांत माझ्या दुकानातील साध्या सुती साडीची किंमत किती पटींनी वाढली, हे समोर बसलेल्या भगिनींना मी सांगावयास नको. अखेरीस ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा पाच लाख रुपये झाली, आणि तीही पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांनी मुंबईच्या रस्त्यांवर अश्रू ढाळल्यानंतर. बँक बुडाल्यावर लोक रडतात आणि मग मर्यादा वाढते, असाच या योजनेचा आजवरचा क्रम दिसतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. या विम्यामागे पैसा किती आहे?

व्यवस्था अगदी सोपी आहे. विम्याचा हप्ता ठेवीदार भरत नाही, तो बँक भरते. १९६२ मध्ये हा हप्ता शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला पाच पैसे होता. २००५ मध्ये तो दहा पैसे झाला आणि एप्रिल २०२० पासून बारा पैसे. या हप्त्यांतून आणि त्यांच्या गुंतवणुकीवरील व्याजातून ठेव विमा निधी तयार होतो. ३१ मार्च २०२५ रोजी या निधीत सुमारे २ लाख २९ हजार कोटी रुपये होते. त्याच दिवशी देशभरातील विमाछत्राखालील ठेवी सुमारे १०० लाख कोटी रुपयांच्या होत्या. म्हणजे विमा उतरविलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे निधीत दोन रुपये एकोणतीस पैसे आहेत.

हे ऐकून कोणाच्याही मनात प्रथम भीतीच उत्पन्न होईल. शंभराची हमी आणि गाठीला सव्वादोन रुपये! परंतु व्यापाऱ्याने हिशेब शांतपणे करावा. आपल्या बाजारपेठेत शंभर दुकाने आहेत आणि सर्वांनी आगीचा विमा उतरविला आहे, असे समजू. विमा कंपनी शंभर दुकानांची किंमत तिजोरीत ठेवीत नाही, कारण शंभर दुकाने एका दिवशी जळत नाहीत. एखादे दुकान जळाले तर भरपाई देता येईल एवढी तिची तयारी असते. या कसोटीवर आपला निधी भक्कम आहे. २०२४-२५ या वर्षात महामंडळाने हप्त्यांपोटी २६ हजार कोटींहून अधिक रक्कम गोळा केली आणि बुडालेल्या बँकांच्या ठेवीदारांना सुमारे ४७६ कोटी रुपये दिले. अमेरिकेच्या कायद्याने तेथील निधीसाठी विमाछत्राखालील ठेवींच्या किमान १.३५ टक्के ही पातळी ठरवून दिली आहे. त्या मापानेही आपला निधी कमी ठरत नाही. लहान आणि मध्यम बँका एकेक करून अडचणीत आल्या तर ठेवीदाराला देण्यासाठी महामंडळाकडे पैसा आहे, हे मी येथे निःशंकपणे सांगतो. अफवांवर विश्वास ठेवून कोणी बँकेपुढे रांगा लावू नयेत.

मात्र आग एका दुकानापुरती न राहता सगळ्या बाजारालाच लागली तर काय? मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले आणि खातेदाराला पन्नास हजार रुपयांची मर्यादा घालण्यात आली. काही महिन्यांपूर्वीपर्यंत त्या एकाच बँकेत दोन लाख कोटींहून अधिक ठेवी होत्या आणि त्या वेळी महामंडळाचा संपूर्ण निधी होता सुमारे १ लाख १० हजार कोटी. त्या ठेवींपैकी पाच लाखांच्या आतील भागच विम्यात येतो, हे खरे. तरीही एका बँकेने निधीचा मोठा हिस्सा रिकामा केला असता. तसे झाले नाही, कारण भारतीय स्टेट बँक आणि इतर बँकांनी भांडवल घालून ती बँक वाचविली आणि दोन आठवड्यांच्या आत निर्बंध उठले. अमेरिकेतही २००९ च्या अखेरीस तेथील विमा निधी शून्याखाली गेला होता. तरी विम्याच्या मर्यादेतील एकाही ठेवीदाराचा एक सेंट बुडाला नाही, कारण त्या निधीमागे तेथील सरकार उभे होते. मोठ्या बँकेला वाचविते ती सरकारची इच्छाशक्ती आणि मध्यवर्ती बँकेची तत्परता. विम्याचा निधी हा लहान बँकेच्या ठेवीदाराचा आधार होय.

या निधीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला खटकत आली. हप्त्यांचा सुमारे पंच्याण्णव टक्के वाटा व्यापारी बँका भरतात, परंतु भरपाईची बहुतांश रक्कम सहकारी बँकांच्या ठेवीदारांसाठी खर्ची पडते. अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाईल को-ऑपरेटिव्ह बँक २००१ मध्ये कोसळली तेव्हा एकट्या तिच्यासाठी सुमारे ४०० कोटी रुपये मोजावे लागले. ज्याच्या गोदामात विजेच्या तारा उघड्या लोंबत आहेत त्याला आणि ज्याने सर्व व्यवस्था नीट ठेवली आहे त्याला आगीच्या विम्याचा हप्ता सारखाच, असा हा साठ वर्षे चाललेला प्रकार होता. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२५ रोजी धोक्यानुसार हप्ता आकारण्याची घोषणा केली आणि त्यासाठी २०२६-२७ हे आर्थिक वर्ष ठरविले. सुस्थितीतील बँकांना हप्ता कमी, हे त्यामागील तत्त्व आहे. हे पाऊल उशिरा पडले असले तरी योग्य दिशेने पडले आहे.

येथवर मी निधीच्या पुरेपणाविषयी बोललो. परंतु निधी पुरेसा असणे आणि ठेवीदाराचे संरक्षण पुरेसे असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद मला पुस्तकातून कळला नाही. तो माझ्या घरातच कळला आणि त्याची कबुली देण्यासाठीच मी आज येथे उभा आहे.

माझी धाकटी बहीण विधवा आहे. पतीच्या निधनानंतर आलेली रक्कम कोठे ठेवावी, हे तिने मला विचारले. घरातील शिकलेला, व्यापारातील अनुभवी भाऊ म्हणून माझ्या शब्दावर तिचा पूर्ण विश्वास. मी तिला एका नागरी सहकारी बँकेचे नाव सांगितले. तेथे व्याज मोठ्या बँकांपेक्षा थोडे अधिक मिळत होते आणि व्यवस्थापनातील मंडळी ओळखीची होती. वर मी तिला एक शहाणपणाचा सल्लाही दिला. एकच पावती न करता तीन पावत्या कर आणि एक दुसऱ्या शाखेत ठेव, म्हणजे प्रत्येक पावतीला वेगळा विमा मिळेल, असे मी तिला ठामपणे सांगितले. तीन लाख, अडीच लाख आणि दीड लाख अशा तीन पावत्या तिने केल्या.

काही वर्षांनी त्या बँकेवर निर्बंध आले. सकाळी वर्तमानपत्रात बातमी वाचून मी तिच्याकडे गेलो. ती शांत होती. पाच लाखांचा विमा आहे हे तिला ठाऊक होते आणि आपल्या तिन्ही पावत्या त्याच्या आतील आहेत, असा तिचा समज होता. तो समज मीच करून दिलेला होता. मग नियम हातात आला. एका बँकेच्या सर्व शाखांतील, एकाच व्यक्तीच्या, एकाच नात्याने ठेवलेल्या सर्व ठेवींची बेरीज केली जाते. त्यात मुद्दल येते आणि त्या दिवसापर्यंतचे व्याजही येते. त्या एकूण बेरजेवर पाच लाखांची मर्यादा लागते. तिची बेरीज सात लाख बासष्ट हजार झाली होती. ती मला एवढेच म्हणाली, "दादा, पावत्या तीन आहेत ना, मग विमा एकच कसा?" या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. चाळीस वर्षे व्यापार केलेल्या पदवीधर भावाने जो नियम वाचावयास हवा होता, तो वाचलेलाच नव्हता.

तिला पाच लाख रुपये मिळाले आणि ते साधारण तीन महिन्यांत मिळाले, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. याचे श्रेय २०२१ च्या कायदादुरुस्तीला आहे. त्यापूर्वी बँक दिवाळखोरीत निघाल्याशिवाय किंवा तिचे विलीनीकरण झाल्याशिवाय विम्याची रक्कम मिळत नसे. पुण्याच्या रुपी को-ऑपरेटिव्ह बँकेचे उदाहरण आपणांस ठाऊक असेल. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या या जुन्या बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि तिचा परवाना सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द झाला. नवा कायदा येईपर्यंत तेथील ठेवीदार वर्षानुवर्षे ताटकळत राहिले. विमा होता, निधीत पैसाही होता, तथापि तो म्हाताऱ्या माणसाच्या औषधाला वेळेवर मिळत नव्हता. १ सप्टेंबर २०२१ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याचे बंधन घातले. पहिल्या पंचेचाळीस दिवसांत बँकेने याद्या द्यावयाच्या आणि उरलेल्या काळात महामंडळाने तपासणी करून रक्कम द्यावयाची. माझ्या मते १९६२ नंतर या योजनेत झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा होय.

परंतु बहिणीचे उरलेले दोन लाख बासष्ट हजार रुपये अवसायकाच्या हिशेबात अडकले आहेत. मी ती रक्कम तिला देऊ केली. ती फुकट घेण्यास तयार झाली नाही. शेवटी माझ्या दुकानाच्या वहीत तिच्या नावे उसनवारी लिहावयास लावूनच तिने पैसे घेतले. बँकेकडून येतील तेव्हा परत करीन, असे ती म्हणते. वही उघडली की ते पान माझ्या डोळ्यांसमोर येते.

हा अनुभव केवळ आमच्या घरचा नाही. शेजारच्या यवतमाळ येथील बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द झाला. त्या वेळी रिझर्व्ह बँकेने सांगितले की सुमारे ७९ टक्के ठेवीदारांना त्यांची संपूर्ण रक्कम विम्यातून मिळू शकेल. याचा अर्थ असा की शंभरातील एकवीस ठेवीदारांच्या ठेवी पाच लाखांच्या वर होत्या. बुलडाणा जिल्ह्यातील मलकापूर अर्बन बँकेचा परवाना जुलै २०२३ मध्ये रद्द झाला. तेथे ९७ टक्क्यांहून अधिक ठेवीदार विम्याच्या आत होते. देशपातळीवरही मार्च २०२५ अखेर सुमारे ९७.६ टक्के खाती पूर्णपणे संरक्षित होती, असे महामंडळाची आकडेवारी सांगते. हा आकडा ऐकून समाधान वाटते. परंतु खात्यांऐवजी रुपये मोजले तर विमाछत्राखाली केवळ ४१.५ टक्के रक्कम येते. उरलेला रुपया विम्याच्या बाहेर आहे.

हा बाहेरचा रुपया कोणाचा? तो केवळ धनिकांचा आहे, असे समजू नये. निवृत्तीच्या वेळी आयुष्यभराची पुंजी एकदम हाती आलेल्या शिक्षकाचा तो आहे, शेत विकलेल्या शेतकऱ्याचा आहे, गृहनिर्माण संस्थेचा आहे आणि आपल्यासारख्या धर्मादाय ट्रस्टचाही आहे. ट्रस्ट हा कायद्याच्या दृष्टीने एकच ठेवीदार. शेकडो दात्यांनी दिलेला ध्रुवनिधी एका बँकेत असेल तर त्यालाही विमा पाच लाखांचाच. गंमत अशी की हप्ता मात्र संपूर्ण ठेवीवर आकारला जातो. एखाद्या संस्थेची एक कोटीची ठेव असेल तर बारा पैशांच्या दराने बँक तिच्यापोटी वर्षाला बारा हजार रुपये भरते, आणि संरक्षण मिळते पाच लाखांना. कोणत्याही व्यापाऱ्याला हा सौदा विचित्र वाटेल.

संस्थांची अवस्था किती कठीण होऊ शकते, हे पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या प्रकरणात दिसले. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा प्रथम ठेवीदाराला केवळ एक हजार रुपये काढता येत होते. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. सामान्य ठेवीदारांच्या पाच लाखांवरील रकमा दहा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांनी देण्याचे ठरले. संस्थात्मक ठेवीदारांच्या विमाबाह्य रकमेपैकी ८० टक्के रक्कम मात्र प्राधान्य भागांत रूपांतरित करण्यात आली आणि त्यावर वार्षिक लाभांश ठरला एक टक्का. ठेव म्हणून दिलेला पैसा भागभांडवल होऊन बसला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत १२२ कोटींच्या अपहाराचे प्रकरण उघडकीस आले. त्या बँकेचे ऑगस्ट २०२५ मध्ये सारस्वत बँकेत विलीनीकरण झाल्याने ठेवीदार सुटले. पण प्रत्येक वेळी एखादी सारस्वत बँक मदतीला धावून येईलच, असे गृहीत धरून ट्रस्टचा कारभार चालविता येणार नाही.

बहिणीचा प्रसंग घडला त्याच आठवड्यात मी आपल्या ट्रस्टच्या ठेवपावत्यांची फाईल मागवून घेतली. अर्थसमितीचा सदस्य म्हणून त्या पावत्यांच्या ठरावांवर माझीही स्वाक्षरी होती. पावत्या पुष्कळ होत्या, बँका मात्र दोनच. त्या दोन्ही बँका आजही सुस्थितीत आहेत आणि आपला एक रुपयाही अडकलेला नाही. परंतु तो आपल्या दक्षतेमुळे नव्हे तर दैवयोगाने सुरक्षित राहिला, हे मला मान्य केले पाहिजे. स्वतःचा पैसा बुडाला तर माणूस नुकसान सोसून पुन्हा कामाला लागतो. मंदिराचा, पाठशाळेचा, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचा पैसा बुडाला तर विश्वस्ताने कोणाला तोंड दाखवावे? विश्वस्त हा त्या पैशाचा मालक नसतो, राखणदार असतो. आपल्या धर्माने अपरिग्रह सांगितला आहे. दुसऱ्याच्या ठेवीविषयी निष्काळजी राहण्याची मुभा मात्र कोठेही दिलेली नाही.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आणि समाजबांधवांपुढे मी काही नम्र सूचना ठेवीत आहे.

पहिली सूचना अशी की ट्रस्टच्या वार्षिक अहवालात एक पान ठेवींसाठी राखून ठेवावे. कोणत्या बँकेत मुद्दल व व्याज मिळून एकूण किती रक्कम आहे आणि तिच्यापैकी विम्याच्या आत किती व बाहेर किती, हे प्रत्येक सभासदाला दिसावे.

दुसरी सूचना, मोठी रक्कम पाच-पाच लाखांत वाटून अनेक बँकांत ठेवणे ट्रस्टला व्यवहार्य नाही, हे मी जाणतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३५ नुसार विश्वस्तांना अनुसूचित बँक, टपाल बचत बँक, शासनाने मान्य केलेली सहकारी बँक आणि सरकारी रोखे असे मार्ग मोकळे आहेत. ध्रुवनिधीचा मुख्य भाग सरकारी रोखे आणि मोठ्या बँका यांत विभागून ठेवावा. ज्या बँका बुडू देणे देशाला परवडणार नाही अशा बँकांची यादी रिझर्व्ह बँक स्वतः प्रसिद्ध करते. भारतीय स्टेट बँक, एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक यांची नावे त्या यादीत आहेत.

तिसरी सूचना, स्थानिक सहकारी बँकांकडे पाठ फिरवू नये. आपल्या अनेक दुकानांना पहिले कर्ज अशाच बँकांनी दिले, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. दैनंदिन व्यवहाराची रक्कम तेथे अवश्य ठेवावी, पण ती विम्याच्या मर्यादेत असावी. अर्धा-पाऊण टक्का अधिक व्याजासाठी ध्रुवनिधी कोठेही हलवू नये.

चौथी सूचना सर्व कुटुंबांसाठी आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी या बँका नव्हेत. त्यांच्या ठेवींना या महामंडळाचा विमा नाही. पाच लाखांचा नाही आणि पाच रुपयांचाही नाही. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये २०२३ पासून ज्या हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले, त्यांच्यासाठी कोणताही नव्वद दिवसांचा नियम नव्हता. दारावर बँकेसारखी पाटी आणि आत बँकेसारखा काउंटर असला म्हणून विमा मिळत नाही. ठेव ठेवण्यापूर्वी "ही बँक ठेव विमा महामंडळाकडे नोंदलेली आहे काय?" असा एकच प्रश्न विचारावा.

पाचवी सूचना, आपल्या घरातील वृद्ध आणि एकट्या स्त्रियांच्या पावत्या एकदा बसून पाहाव्यात. एकट्याच्या नावावरील ठेव, संयुक्त खाते, भागीदारी पेढीचे खाते आणि अज्ञान मुलाचे पालक म्हणून ठेवलेली रक्कम यांना वेगवेगळा विमा मिळतो. पावत्यांची संख्या किंवा शाखा बदलून मात्र तो वाढत नाही. माझ्या बहिणीला मी जे सांगितले नाही, ते आपण आपल्या बहिणींना आज सांगावे.

शासनाकडेही आपल्या समाजाने आणि व्यापारी संघटनांनी काही मागण्या मांडाव्यात. २०२५ मध्ये विम्याची मर्यादा वाढविण्याचा विचार सुरू असल्याचे अर्थ मंत्रालयाकडून सांगण्यात आले होते. ही मर्यादा महागाईशी जोडून ठराविक वर्षांनी आपोआप वाढावी. त्यासाठी आणखी एका बँकेने बुडावे, अशी वाट पाहू नये. धर्मादाय ट्रस्ट आणि शिक्षणसंस्था यांच्यासाठी वेगळी, अधिक मर्यादा असावी. संपूर्ण ठेवीवर हप्ता घेतला जातो तर ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. मर्यादा वाढली की निधीवरील भार वाढेल आणि हप्त्याचाही फेरविचार करावा लागेल, हे उघड आहे. परंतु पुरेसा निधी म्हणजे केवळ मोठा निधी नव्हे. ज्या दिवशी संकट येते त्या दिवशी, ज्याला गरज आहे त्याच्या हातात, त्याच्या गरजेइतकी रक्कम पडते काय, हीच त्याची खरी कसोटी आहे. या कसोटीवर लहान ठेवीदार आज बऱ्याच अंशी निश्चिंत आहे. मध्यम ठेवीदार अर्धवट निश्चिंत आहे. ट्रस्टसारख्या संस्थेने मात्र विम्यावर विसंबून राहू नये, आपली राखण आपणच करावी.

अकोल्याची बँक बुडाली त्या वर्षी जन्मलेला मी आज आपल्या ट्रस्टचा सुवर्णमहोत्सव पाहत आहे, हे माझे भाग्य समजतो. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी एकेक रुपया गोळा करून या ट्रस्टचा पाया घातला, त्यांच्या मागे कोणताही मोठा निधी नव्हता, फक्त चोख हिशेब होता. तो चोख हिशेब पुढील पिढीच्या हाती सुपूर्द करणे, हेच आपले कर्तव्य आहे.